काळी दोन, काळी चार

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मालगुजाराचा आवाज फुटला.

मालगुजार म्हणजे आमच्या शाळेच्या नाटकात जुन्या जमीनदाराचं, मालगुजाराचं, काम करणारा नववी ब मधला मुलगा. दिवाळीनंतर तालमी सुरू झाल्या तेव्हा तो काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, इतका स्वच्छ गायचा की शेजारच्या वर्गातला गलबला थांबायचा. आता वरचा सा लागायच्या आधीच आवाज चिरकू लागला, पोरं खुसुखुसु हसू लागली. एका दुपारी तो तालमीला आलाच नाही. सायकलींच्या शेडमागे बसलेला सापडला. "मले काढून टाका जी बाई नाटकातून," एवढंच म्हणाला. मी मराठीची शिक्षिका. फुटलेल्या आवाजाचं काय करायचं, हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

शिपाईकाकांनी घंटेचा टोल खिडकीत ठेवला आणि पेटी उघडली. पोराला शेजारी बसवलं. "आवाज गेला नाही बाबू, खाली उतरला. आपन बी त्याच्यासंगं उतरू." मग एकेक पट्टी उतरत गेले. काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. प्रत्येक पट्टीत तीच एक ओळ. काळी दोनला आल्यावर त्याचा आवाज टेकला. जाडा, थोडा खरखरीत, पण मोठ्या माणसाचा. त्यानं स्वतःच दचकून काकांकडे पाहिलं.

अडचण पुढेच होती. त्याचं दुसऱ्या अंकातलं गाणं एकट्याचं नव्हतं. तलावाची राखणदार झालेली मुलगी त्याच्याबरोबर गायची, आणि तिची पट्टी काळी चार. तिला खाली ओढलं तर तिचा आवाज दबत होता, त्याला वर नेलं तर फुटत होता. मी म्हटलं, गाणंच काढून टाकू. काकांनी मान हलवली. पेटीवर एक बोट काळी दोनवर ठेवलं, दुसरं काळी चारवर. "पाहा जी बाई. ह्याचा सा इथं. त्याच्यावरून मोजा, सा, रे, ग, म. ह्याचा मध्यम तोच तिचा षड्ज. दोघायनंही आपल्या घरूनच गावाचं, अन् एका सुरावर भेटाचं." कडवं संपताना मुलानं मध्यमावर थांबायचं. तोच सूर आपला सा धरून मुलीनं पुढचं कडवं उचलायचं.

एकोणीस वर्षं हा माणूस आमच्या शाळेत घंटा देतो, टपाल आणतो, परीक्षेला बाक लावतो. तरुणपणी त्यानं दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, आणि नंतर नाटकात पेटी वाजवली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेला त्याचा काही उपयोग आहे हे मात्र आम्हा बारा शिक्षकांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

मी मूळची अमरावतीकडची. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात बदली होऊन आले तेव्हा तळी, धानाच्या बांधी आणि इतकं पाणी पाहून मला परक्या मुलखात आल्यासारखं झालं होतं. आमच्याकडे कापूस आणि तूर. इथे धानाचा रोवणा, चुरणा म्हणजे मळणी, बांधीत लाखोळीची डाळ. बोलीही वेगळी. माझी वऱ्हाडी मी कॉलेजात असतानाच सोडली होती. मैत्रिणी हसायच्या म्हणून सोडली, आणि ते सोडणं म्हणजेच शिकणं असं मनात पक्कं बसलं. मग इथे येऊन मी तेच शिकवायला लागले. मुलं "पानी" म्हणाली की "पाणी". "कारा" म्हणाली की "काळा". "मी काम केलो" म्हणाली की फळ्यावर कर्मणी प्रयोग. इथल्या झाडीबोलीत ण आणि ळ जिभेवर येतच नाहीत, तिथे न आणि र येतात. ते मला चुकीसारखं दिसायचं आणि मी लाल शाईनं गोल करायची.

आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं केली. दिवाळी झाली, धान घरी आलं, की ह्या भागात मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटकं लागतात. वडसा म्हणजे देसाईगंज इथून फार लांब नाही, गोंदियाहून बल्लारशाला जाणाऱ्या रेल्वेवरच आहे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे विदर्भाच्या ह्या पूर्व टोकाच्या, नाटक कंपन्यांचं ते माहेर. होळीपर्यंत गावोगाव नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटे पडतो. अख्खं गाव घोंगड्या-चादरी घेऊन बसतं. घरी पाहुणे येतात ते नाटकासाठीच, सोयरिकीही तिथेच जुळतात. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला माझ्या वर्गात अर्धी मुलं डोळे चोळत बसलेली. मी त्यांना उभं करायची. ज्या तासाला उभं करायची त्याच तासाला फळ्यावर लिहायची : १८४३, सांगली, विष्णुदास भावे. १८८०, पुणे, अण्णासाहेब किर्लोस्कर, संगीत नाटकाची सुरुवात. पाठ करा, परीक्षेत येतं. संगीत नाटक रात्रभर पाहून आलेली मुलं झोप मारत उभी राहून संगीत नाटकाची सनावळी उतरवून घ्यायची. हे मला तेव्हा दिसलं नाही. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

२०२३ च्या जानेवारीत पद्म पुरस्कार जाहीर झाले. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री. प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम आटोपून दुसऱ्या दिवशी मी वर्गात बातमी वाचून दाखवली. जरा लांबच्या माणसाची बातमी सांगावी तशा सुरात. मागच्या बाकावरून आवाज आला, "मी पाह्यलो जी बाई त्याइचं नाटक." मग दुसरा, मग तिसरी. एका मुलीनं उभं राहून एक प्रवेश करूनच दाखवला, दोन माणसांचा, दोन आवाजांत. ही मुलगी वाचनाच्या तासाला ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचायची. त्या दिवशी पाच-सहा मिनिटं ती बोलत होती आणि एक शब्द चुकला नाही. मी "पाह्यलो" दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

तिथून हे नाटक सुरू झालं, म्हणजे माझ्या मनात. प्रत्यक्षात यायला पुढची दिवाळी उजाडली.

गॅदरिंगला आमच्याकडे दरवर्षी नाच असतात. सिनेमातली गाणी, भाड्याचा स्पीकर, चकचकीत कपडे. मुलं ते हौसेनं करतात आणि मला त्यात वावगं वाटत नाही. पण या वेळी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, दोन तासांचं नाटक करू, गाणी मुलांचीच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दहावीला हात लावायचा नाही. आठवी-नववी घ्या. आणि मुलींची बस चुकता कामा नये. मानव विकासची निळी बस संध्याकाळी गेली की वरच्या तीन गावांतल्या मुलींना दुसरं वाहन नाही. म्हणून तालमी मधल्या सुट्टीत आणि शनिवारी सकाळच्या शाळेनंतर. दोन महिन्यांत आम्हाला मिळाला असेल फार तर चाळीस तासांचा वेळ.

विषय आठवीतल्या एका मुलीनं दिला. भूगोलाच्या तासाला सर मामा तलावांबद्दल सांगत होते. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत असे तलाव हजारोंनी आहेत, त्यातले कितीतरी कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी बांधलेले. पावसाचं पाणी पाळीनं, म्हणजे मातीच्या बांधानं, अडवायचं, जादा झालं की सांडव्यावरून खालच्या तळ्यात सोडायचं, धानाला लागेल तेव्हा तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या मोरीतून, पाटात घ्यायचं. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले. मुलीनं विचारलं, "सर, मालगुजार गेला. मंग तुडुमाचा गुट्टा कोन काढे?"

सर स्टाफरूममध्ये आले ते हाच प्रश्न घेऊन. आमच्या गावच्या जुन्या तुडुमाला भोक बुजवणारा लाकडी गुट्टा होता. आश्विनात धान गर्भात असतं, पाऊस ओढ देतो, तेव्हा कुणीतरी पाण्यात बुडी मारून तो उपसायचा. कधी उपसायचा, किती वेळ ठेवायचा, आधी वरच्या बांध्या की खालच्या, हे ठरलेलं असायचं. माणूस बदलला की हे सगळं कोण ठरवणार? तळ्यात गाळ का भरला, काठावर बेशरमाची झुडपं का माजली, ढीवरांच्या जाळ्यात पूर्वीसारखे मासे का येत नाहीत, सगळे धागे त्या गुट्ट्याला जाऊन बांधलेले. एवढा नाट्यमय प्रश्न आमच्यापैकी कुणाला आयुष्यात सुचला नसता.

विज्ञानाच्या सरांनी तुडुम बनवलं. बांबूच्या कामट्या, त्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वर चिखलाचा लेप. मधोमध भोक आणि त्यात सागाचा खराखुरा गुट्टा, गावातल्या सुताराकडून कातून आणलेला, वीतभर लांब, वर धरायला मूठ. मागे निळ्या साडीची घडी अशी दडवली होती की गुट्टा निघाला की साडी सुळकन् बाहेर यावी आणि दोन मुलींनी ती लहरत पाटासारखी पुढे न्यावी. साडी पहिल्या वीस वेळा अडकली. सर रोज शाळा सुटल्यावर एकटे बसून घडी बदलत. एकदा मी सहज डोकावले तर मेणबत्तीचं मेण साडीच्या काठाला घासत होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस.

गाणी मात्र आमच्या हातून होईनात. मी लिहिलेल्या दोन गाण्यांना मुलांनी मान दिला, चाल दिली नाही. शेवटी राखणदार झालेल्या मुलीनं आपल्या आजीला शाळेत आणलं. रोवण्याच्या वेळी चिखलात वाकून बाया म्हणतात ती गाणी आजीच्या तोंडात. ती खुर्चीवर बसेना. खाली बसली, हातानं रोपं लावल्यासारखं करत गाऊ लागली, कारण हात हलल्याशिवाय तिला गाणं आठवत नव्हतं. दोन ओळी तिनं तिथेच बसल्या बसल्या जोडल्या :

पार बांधली आज्यानं
पानी पुरलं नातवाले

पाळ नव्हे, पार. पाणी नव्हे, पानी. मी वहीत उतरवत होते आणि पेन आपोआप "पाळ" लिहून गेलं होतं. मी ते खोडलं आणि "पार" लिहिलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्या बाजूनं केलेली माझी ती पहिली दुरुस्ती. त्या दिवशी ठरलं की अख्खं नाटक झाडीबोलीत होईल.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी प्रयोग ठरला होता. बारा दिवस आधी राखणदार झालेल्या मुलीचे वडील शाळेत आले. चप्पल बाहेर काढून दारात उभे. धान निघालं की इथल्या पुष्कळ घरांतली माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, दोन-तीन महिने. त्यांचा टेम्पो शुक्रवारी पहाटे निघणार होता. पोरगी आजीजवळ राहील, शाळा बुडणार नाही, हे सांगायला ते आले होते. जाता जाता म्हणाले, "नाटक पाहाचं होतं जी. पन मुकरदम थांबत नाही."

त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये फार चर्चा झाली नाही. गणिताच्या सरांनी कॅलेंडरवर शनिवार खोडला आणि गुरुवारला गोल केला. मंडपवाल्याला, लाइटवाल्याला, सरपंचांना, सगळ्यांना फोन त्यांनीच केले. दोन तालमी कमी झाल्या. कुणी कुरकुरलं नाही.

गुरुवारी रात्री मैदानात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरली होती. थंडी कडक. सात वाजता लोक यायला लागले, आठला मैदान भरलं, मग भिंतीवर पोरं चढली. ह्या लोकांपुढे नाटक करणं सोपं नाही. आयुष्यभर नाटकं पाहिलेली माणसं, पेटी आणि तबला कुठे सुटला ते त्यांना लगेच कळतं. विंगेत मी वही आणि बॅटरी घेऊन प्रॉम्प्टिंगला बसले होते. हात गार पडले होते माझे.

मालगुजारानं काळी दोनमध्ये पहिली ओळ म्हटली. खर्जातला तो खरखरीत आवाज ऐकून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मान ताठ केली. कडव्याच्या शेवटी तो मध्यमावर येऊन थांबला, स्थिर, आणि त्याच सुरातून तिचा आवाज वर निघाला. कुठे सांधा दिसला नाही. काका पेटीवर डोळे मिटून होते. "वन्स मोअर" आला. मुलं गोंधळली, माझ्याकडे पाहू लागली. काकांनी माझ्याकडे न पाहताच पुन्हा पहिली पट्टी दाबली.

ढोलकीवर होता आठवीतला एक मुलगा, ज्याच्या प्रगतिपुस्तकात गणिताच्या सरांनी दोनदा "लक्ष नाही" असं लिहिलंय. गाण्याच्या शेवटी त्यानं लय दुप्पट केली आणि आठ मात्रांचे सोळा भाग पाडत बरोबर समेवर येऊन थांबला. माझ्या शेजारी विंगेत उभे असलेले सर बोटांच्या पेरांवर मोजत होते. त्यांची मोजणी संपली तेव्हाच त्याची थाप पडली. ते काही बोलले नाहीत. स्वतःची शाल काढून त्यांनी पडद्याच्या फटीतून ढोलकीवाल्याच्या पाठीवर टाकली, कारण तिथे वारा येत होता.

आणि मग शेवटचा प्रवेश. तळं गाळानं भरलंय, गाव भांडतंय, राखणदार पाळीवर उभी राहून गावाला बोलते. तिच्या तोंडी मी एक वाक्य ठेवलं होतं. सगळं नाटक बोलीत आणलं तरी हे एक मला सोडवलं नव्हतं : "पूर्वजांनी दूरदृष्टीने निर्माण केलेला हा ठेवा आपण जपला पाहिजे." मला ते वाक्य आवडायचं. ती त्या जागी आली आणि थांबली. मला वाटलं विसरली. मी हळूच वाक्य पुरवलं. तिनं ऐकलं, हे मला दिसलं. तरी ती गप्प राहिली. मी पुन्हा पुरवलं. मग तिनं लोकांकडे पाहिलं आणि म्हणाली,

"ज्यानं हे पार बांधली, त्यानं माहं तोंड नाही पाह्यलं. पन मले तहान लागन, हे त्याले मालूम होतं."

मैदानात पापणी हलली नाही. मी वही मिटली आणि बॅटरी विझवली. माझ्या हातून तिला देण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि इतकं भरून मला आयुष्यात कधी आलं नव्हतं.

ती खाली उतरली, गुट्ट्याला हात घातला आणि उपसला. साडी अडकली नाही. सळसळत निळं पाणी बाहेर आलं, रंगमंचाच्या कडेवरून खाली, तणशीवर बसलेल्या बायांच्या मांडीपर्यंत. एका ढीवर बाईनं दोन्ही हातांत ती साडी घेतली आणि कपाळाला लावली. बसवलेलं नव्हतं ते. विज्ञानाचे सर विंगेच्या मागे विटांच्या ढिगावर बसले होते. मी जाऊन सांगितलं, निघाली साडी. ते म्हणाले, "ऐकली."

बक्षिसं जाहीर व्हायला लागली तेव्हा आम्ही जरा बावरलो. शाळेच्या कार्यक्रमात पैसे घ्यावेत का? एक म्हातारा काठी टेकत आला आणि पेटीवर एक्कावन्न रुपये ठेवून गेला. मुख्याध्यापकांनी स्वतः माईक घेतला आणि मोठ्या नाटकात करतात तसं दात्याचं नाव, रक्कम आणि कुठल्या पात्राला ते पुकारू लागले. प्रत्येक नावापुढे स्वतःची भर घालत होते : "आठवी अ! आमची!" "नववी ब! आमचा!" शिस्तीचा माणूस. आवाज बसेपर्यंत पुकारत होते.

पहाटे पाचला मी आणि काका पेटी उचलून शाळेत ठेवायला चाललो होतो. चौकात टेम्पो उभा होता. गाठोडी, पातेली, तांदळाची पोती चढवलेली. राखणदार अजून नाटकाच्याच लुगड्यात, चेहऱ्यावर अर्धवट पुसलेला रंग, आईच्या डब्याला फडकं बांधत होती. आईनं मला पाहिलं, काही बोलावं म्हणून पुढे झाली, पण ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती वर चढली. टेम्पो तळ्याच्या पाळीवरून वळला तेव्हा आत बसलेल्या बायांनी गाणं धरलं. पार बांधली आज्यानं. पोरगी चौकात उभी राहून ऐकत होती. काकांनी पेटी खाली ठेवली, कान दिला आणि म्हणाले, "कारी चारच धरली जी मायनं."